भाव समतोलाला पोहोचतो म्हणे. नेतो कोण?

गूळपोळी · शनिवार, रात्री ९:१०

पुतणी बारावी कॉमर्सला आहे. परवा तिच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात ती नेहमीची आकृती उघडी होती. मागणीची रेषा उतरतेय, पुरवठ्याची चढतेय, दोघींची फुली होते त्या बिंदूला नाव ‘समतोल किंमत’. तिनं विचारलं, "काका, भाव इथे असतो हे कळलं. पण सकाळी बाजार उघडला तेव्हा तो इथे नव्हता ना? मग इथे आला कसा? कोणी आणला?"

मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला. आमच्याकडे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, असा बिंदू आहे का. दोन, त्याच्यावरून जरा ढळलं तर गाडी परत तिथे येते का. शिसपेन्सिल टोकावर उभी राहू शकते, पण कागदावरच. टेबलावर उभी करून दाखवा. पुस्तकात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि दुसऱ्याची बोळवण एका वाक्यात केलीय.

म्हणून आठवडाभर वाचत बसलो. लिओन वालरास नावाचा फ्रेंच माणूस स्वित्झर्लंडात लोझानला शिकवायचा. १८७४ मध्ये त्यानं सगळ्या बाजारांचा एकत्र समतोल समीकरणांत मांडला, आणि तिथवर पोहोचण्याच्या क्रियेला शब्द वापरला ‘तातोनमां’, म्हणजे चाचपडणं. वीज गेल्यावर आपण भिंत धरून मेणबत्ती शोधतो, तसं. एक भाव पुकारायचा. त्या भावाला कोण किती घेईल, कोण किती विकेल, ते बघायचं. घेणारे जास्त निघाले तर भाव चढवायचा, विकणारे जास्त निघाले तर उतरवायचा. जुळेपर्यंत हेच. आणि गंमत म्हणजे, जुळेपर्यंत सौदा एकही करायचा नाही!

सगळा बाजार हाताची घडी घालून उभा आहे, असा बाजार तुम्ही कुठे पाहिलाय? मी नाही पाहिला. जाणकारांना प्रश्न: दीडशे वर्षांत याचं धड उत्तर कोणी दिलं का?

खवचट_खार · रात्री ९:१४

दलाल नेतो. पुढचा प्रश्न?

चिंचगुळी · रात्री ९:२२

वाखू (वाचनखूण) साठवली. (कळलं काहीच नाही, पण धागा शंभरी गाठणार असं दिसतंय.)

निवृत्त_मास्तर · रात्री १०:०५

गूळपोळी, पुतणीला माझ्यातर्फे पेढा द्या. पस्तीस वर्षं हाच विषय शिकवला, हा प्रश्न विचारणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

दोन दुरुस्त्या. वालरासच्या डोळ्यांसमोर पॅरिसचा शेअरबाजार होता, जिथे दलाल भाव ओरडतात. पुढे सगळ्या पुस्तकांत जो ‘वालरासचा लिलावदार’ भेटतो, एकटाच मध्यभागी उभा राहून भाव पुकारणारा, तो वालरासचा नव्हे. तो नंतरच्यांनी आणून बसवला. दुसरं, ‘जुळेपर्यंत सौदा नाही’ ही अट त्यानं ठळक केली ती टीका झाल्यावर. १८८३ मध्ये जोझेफ बर्त्रां या गणितज्ञानं नेमकं बोट ठेवलं: मधल्या, चुकीच्या भावाला काही लोकांनी सौदे उरकले तर प्रत्येकाकडचा माल आणि पैसा बदलतो, म्हणजे रेषाच सरकतात. तुम्ही ज्या बिंदूकडे निघालात तो तुमच्या चालण्यानंच हलतो! वालरासनं याचा धसका घेतला. १९०० च्या चौथ्या आवृत्तीत तर त्यानं उत्पादकांच्याही हातात चिठ्ठ्या दिल्या. खरा माल बनवायचा नाही, नुसतं ‘या भावाला इतका देईन’ असं लिहून द्यायचं. भाव जुळला नाही तर चिठ्ठी फाडा.

इंग्लंडात एजवर्थनं १८८१ मध्ये वेगळी वाट काढली. सौदे करा, पण ते कच्चे. दुसरा चांगला गिऱ्हाईक भेटला तर मोडा, पुन्हा करा. मोडण्यात कोणाचाच फायदा उरला नाही की पक्के.

आणि मार्शल (१८९०) या भानगडीत फारसा पडलाच नाही. त्यानं गावातला धान्यबाजार घेतला. भाव शटलकॉकसारखा इकडून तिकडे टोलवला जातो, पण बाजार उठेपर्यंत ३६ शिलिंगांच्या आसपास येतो, असं म्हणाला. मधले चुकीचे सौदे का नडत नाहीत? तर धान्यावर माणूस आपल्या एकूण पैशाचा लहानसाच भाग खर्च करतो, त्यामुळे पैशाची त्याला वाटणारी किंमत जवळपास तीच राहते. चलाखी आहे, पण प्रामाणिक. गृहीतक काय ते उघड सांगितलंय.

सदाशिव_पेठी · रात्री १०:११

शटलकॉक? म्हणजे समतोलाचा शोधही पुण्यातच लागला तर. बॅडमिंटनला आधी ‘पूना’ म्हणत, हे इतरांना माहीत नसेल म्हणून सांगितलं.

खवचट_खार · रात्री १०:१३

पुण्यात भाव टोलवला जात नाही. पाटीवर लिहिलेला असतो, खाली ‘घासाघीस करू नये’.

निवृत्त_मास्तर · रात्री १०:२०

पेठीशेठ, शटलकॉकचा खेळ इंग्लंडात पुण्याआधीपासून होता. पण असू द्या.

कोलंबीराव · रात्री ११:४०

आमचं गाव हर्णैजवळ. संध्याकाळी बंदरावर या, पुळणीवर मासळीचा लिलाव बघा, मग समतोलावर बोला. पाट्या उतरतात, ढीग लागतात, बोली चढत जाते, दोन-तीन मिनिटांत ढीग विकला. कोणी हाताची घडी घालून उभं नसतं. थांबलं तर मासळी नासते. शेजारशेजारच्या सारख्याच ढिगांना वेगळे भाव मिळालेले मी कितीदा पाहिलेत. एकदा तर पापलेटचा पहिला ढीग ज्या भावाला गेला, त्याच्या पाऊणपटीत चौथा गेला. मोठा खरेदीदार आपला टेम्पो भरून तोवर निघून गेला होता, एवढंच कारण. आता यातला समतोल कुठला? पहिला की चौथा?

निवृत्त_मास्तर · रविवार, सकाळी ७:३०

कोलंबीराव, तुम्ही नकळत १८६९ मधल्या एका भांडणात उडी घेतलीत! विल्यम थॉर्न्टन या इंग्रज लेखकानं मजुरीवरच्या आपल्या पुस्तकात मासळीचंच उदाहरण दिलं होतं. हेस्टिंग्ज किंवा डोव्हरच्या किनाऱ्यावर बोट लागते. तिथली रीत उतरत्या लिलावाची, ज्याला डच लिलाव म्हणतात: विकणारा चढा भाव सांगून खाली येत जातो, पहिला ‘घेतला’ म्हणेल त्याचा माल. समजा एक वाटा २० शिलिंगांना गेला. आता तेच लोक, तीच मासळी, तोच दिवस, पण लिलाव चढता. तर कदाचित १८ वरच बोली थांबेल, कारण दुसरं कोणी त्यापुढे जायला तयार नाही. म्हणजे मागणी-पुरवठा तोच आणि भाव दोन.

जॉन स्टुअर्ट मिलनं थॉर्न्टनच्या या पुस्तकावर लिहिताना मासळीचा मुद्दा अपवाद म्हणून मान्य केला: दोन्ही भावांना मागणी-पुरवठा जुळतात, तेव्हा नियम खोटा नाही, अपुरा आहे. पण त्याच लिखाणात त्यानं आपला जन्माचा ‘मजुरी निधी’ सिद्धांत (मजुरीसाठी देशात ठरावीकच रक्कम असते, तीच सगळ्या मजुरांत वाटली जाते) सोडून दिला. मजुरीचा भावही एका ठिकाणी खिळलेला नाही, वरखाली करायला जागा आहे, आणि त्या जागेत संघटित मजूर भांडू शकतात, हे त्यानं कबूल केलं. आयुष्याच्या उतरणीला जाहीरपणे ‘माझं चुकलं’ म्हणणारा अर्थशास्त्रज्ञ विरळा.

लाल_मिरची · सकाळी ८:०२

मास्तर, हा शेवटचा परिच्छेद अधोरेखित करून ठेवतोय. ‘बाजारच मजुरी ठरवतो’ म्हणणाऱ्यांना चिकटवायला.

आल्समीरकर · दुपारी १:१५ (इथली सकाळ)

नेदरलँड्समध्ये राहतो, फुलांच्या धंद्याशी थोडा संबंध आहे. आमच्या आल्समीरला फुलं आजही उतरत्या घड्याळावर विकली जातात. पडद्यावर दिवा वरच्या भावापासून खाली सरकतो, ज्यानं आधी बटण दाबलं त्याचा माल. काही सेकंदांत एक सौदा. एक डुलकी महागात जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हा बाजार नव्हे, नेमबाजीची स्पर्धा आहे.

नाशिकचा_बाळ्या · दुपारी २:४८

तुमचं सगळं एका दिवसाच्या बाजाराचं चाललंय. आमच्याकडे भाव लासलगावला आज कळतो आणि माल चार-साडेचार महिन्यांनी येतो. भाव चढा म्हणून सगळ्यांनी कांदा लावला, काढणीला ढिगारे, भाव पडला. पडला म्हणून पुढच्या हंगामाला मका, सोयाबीन. कांदा कमी, भाव चढला. मी कॉलेजात होतो तेव्हापासून हेच बघतोय. वडिलांनी एका साली ट्रॅक्टर घेतला तो कांद्यावर, आणि दोन वर्षांनी हप्ते थकले तेही कांद्यावरच. कुठला बिंदू अन् कुठलं काय. आम्ही बिंदूभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरतो.

झेनो७ · दुपारी ३:३०

बाळ्याभाऊ, याला नावच आहे, कोळ्याचं जाळं. आकृती काढली तर जाळ्यासारखी दिसते, म्हणून निकोलस कॅल्डॉरनं १९३४ मध्ये हे नाव दिलं. त्याआधी १९२८ मध्ये हानाऊ या जर्मनानं डुकरांच्या भावाचं चक्र मांडलं होतं. १९३८ मध्ये इझिकेलनं सगळं एकत्र करून सांगितलं: शेतकरी भावाला ज्या जोरानं प्रतिसाद देतो तो गिऱ्हाइकाच्या प्रतिसादापेक्षा कमी असेल तर हेलकावे विरतात, सारखा असेल तर कायमचे चालतात, जास्त असेल तर वाढतच जातात. गूळपोळींच्या भाषेत, उशिरानं मिळणारा फीडबॅक.

मुक्तछंदी · संध्याकाळी ५:०५

यात शेतकरी दरवर्षी त्याच खड्ड्यात पडतो असं धरलंय, हा त्याचा अपमान आहे. रोनाल्ड कोझ आणि फाउलर यांनी १९३५ मध्ये हाच आक्षेप घेतला. ब्रिटनमधल्या डुक्करपाळांचे आकडे बघून ते म्हणाले, आजचाच भाव उद्या राहील असं हे लोक धरून चालत नाहीत. पुढे १९६१ मध्ये जॉन म्यूथनं त्याचा सिद्धांतच केला: उत्पादकांचे अंदाज सरासरीनं बरोबर असतात, ते बाजाराचं गणित अर्थशास्त्रज्ञाइतकंच ओळखतात. मग जाळं उरत नाही.

नाशिकचा_बाळ्या · संध्याकाळी ५:२०

अपमानाबद्दल कळवळलात, आभार. अंदाज आम्हीही बांधतो हो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला थेट बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. तुमच्या म्यूथसाहेबांना विचारा, दिल्लीच्या अधिसूचनेचा अंदाज सरासरीनं कसा बांधायचा.

खवचट_खार · संध्याकाळी ५:२२

बाळ्या, टाळ्या.

चिंचगुळी · संध्याकाळी ५:४०

मी मध्येच विचारते. आमचा फ्लॅट तीन वर्षं विकायला काढलाय. तो समतोलाच्या वाटेवर आहे की अजून चाचपडतोय?

खवचट_खार · संध्याकाळी ५:४१

ताई, तुम्ही सांगताय तो भाव, आणि लोक देताहेत तो मध्यस्थाचा चहा.

झेनो७ · रात्री ९:५०

मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘बिंदू आहे का’ याचं भक्कम उत्तर १९५४ मध्ये मिळालं, केनेथ अ‍ॅरो आणि जेरार्ड डेब्रू यांनी दिलं. त्याच साली लायोनेल मॅकेन्झीनंही स्वतंत्रपणे दिलं. त्याआधी तीसच्या दशकात व्हिएन्नात अब्राहम वाल्डनं पहिल्या सिद्धता दिल्या होत्या. ‘जाऊन पोहोचतो का’ यावर अ‍ॅरो, ब्लॉक आणि हुर्विक्झ यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की सगळ्या वस्तू एकमेकींना पर्याय असतील (चहा महागला तर कॉफी) तर चाचपडणं नक्की मुक्कामाला पोहोचतं. सगळे खूश.

१९६० मध्ये हर्बर्ट स्कार्फनं पाणी फिरवलं. त्याचं उदाहरण मी घरगुती करून सांगतो. तीन माणसं, तीन वस्तू. अण्णांकडे चहापत्ती आहे आणि ते कोरा चहा पितात: पत्ती आणि साखर, ठरल्या प्रमाणात. बंडूकडे साखर आहे, तो गोड दूध पितो: साखर आणि दूध. आत्याकडे दूध आहे, तिला डायबेटिस: दूध आणि पत्ती. प्रमाण सोडायला कोणीच तयार नाही. समतोल एकच, तिन्हींचे भाव सारखे, प्रत्येकानं अर्धा माल द्यायचा. पण भाव जरा दुसरीकडून सुरू करा आणि वालरासच्या नियमानं चालवा. पत्ती चढते, मग दुसरी वस्तू, मग तिसरी, पुन्हा पत्ती. भाव गोल गोल फिरत राहतात. जवळही येत नाहीत, लांबही जात नाहीत. बाळ्याभाऊंचा घाणा!

याहून मोठा दणका १९७२ ते ७४ मध्ये. सोननशाइन, मँटेल आणि डेब्रू यांनी दाखवलं, की प्रत्येक माणूस कितीही शहाण्यासारखा वागला तरी सगळ्यांची मिळून होणारी मागणी जवळपास कुठलाही आकार घेऊ शकते. म्हणजे समतोल एकच असेल, तिथे पोहोचता येईल, यातलं काहीच फुकटात मिळत नाही. यात स्वतः डेब्रू आहे बघा. ज्यानं देऊळ बांधलं त्यानंच सांगितलं, वाटेची हमी नाही.

अवांतर: वाल्डचा शेवट आपल्याकडे झाला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांना आला होता, डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीत विमान कोसळून गेला. दुसऱ्या महायुद्धात विमानांना पोलादी पत्रा कुठे लावावा याचं प्रसिद्ध गणित करणारा माणूस.

चिंचगुळी · रात्री १०:०२

आत्याला दूध-पत्ती, बंडूला गोड दूध... धाग्यातलं पहिल्यांदा काहीतरी कळलं. अण्णा तेवढे आमच्या सासऱ्यांसारखे निघाले.

लाल_मिरची · रात्री १०:३०

मग लिलावदार सरकारी का नको? पोलंडचा समाजवादी अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर लांगे यानं १९३६-३७ मध्ये हेच म्हटलं. ऑस्ट्रियाचा अर्थशास्त्रज्ञ मीझेस १९२० पासून ओरडत होता की खासगी मालकी नसेल तर भाव नाहीत, आणि भाव नाहीत तर हिशेब नाही. लांगे म्हणाला, तुमच्याच वालरासचं चाचपडणं नियोजन मंडळ करेल. भाव जाहीर करायचा, माल तुंबला तर उतरवायचा, टंचाई झाली तर चढवायचा. पुढे १९५५ च्या सुमारास दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी सल्ला द्यायला तो भारतातही आला होता. आणि मृत्यूनंतर १९६७ मध्ये छापलेल्या लेखात म्हणतो, आता संगणक आलेत, समीकरणं घाला, सेकंदाच्या आत उत्तर. बाजार म्हणजे संगणकाच्या आधीचं जुनाट गणनयंत्र!

मुक्तछंदी · रात्री १०:५५

आणि समीकरणांत आकडे कोण भरणार? मीझेसच्याच पठडीतल्या हायेकचा मुद्दा (१९४५) तोच आहे. ती माहिती कोणाकडेच एकत्र नसते. त्याचं कथलाचं उदाहरण बघा: जगात कुठेतरी कथलाची खाण बंद पडली किंवा कथलाचा नवा उपयोग निघाला, दोन्हींत भाव चढतो. हजारो लोक कथील जपून वापरायला लागतात, आणि कारण काय ते त्यातल्या बहुतेकांना माहीतही नसतं. बाळ्याभाऊंच्या कांदाचाळीत किती कांदा सडलाय हे मंडळाला कोण सांगणार? आणि कथील असो की कांदा, भाव ‘मुक्कामाला’ पोहोचलाच पाहिजे असंही काही नाही. हायेकला रस होता तो या सतत जुळवून घेण्यात.

लाल_मिरची · रात्री ११:००

हे बरं आहे. वाट सिद्ध होत नाही म्हटल्यावर ‘मुक्काम महत्त्वाचा नाही’.

मुक्तछंदी · रात्री ११:०३

आणि तुमचा संगणक चालला नाही म्हटल्यावर ‘संगणक जुना होता’.

झेनो७ · रात्री ११:२५

दोघांनाही चिमटा: संगणकशास्त्रज्ञांनी अलीकडे सिद्ध केलंय, की साधारण प्रकारच्या बाजारात समतोलाचा भाव शोधणं हेच गणनेच्या दृष्टीनं फार अवघड काम आहे. त्यांच्यातल्या कमल जैन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे: तुमच्या लॅपटॉपला तो सापडत नसेल तर बाजारालाही सापडणार नाही.

पडवळ · सोमवार, सकाळी १०:१०

सगळे कागदावरच भांडताहेत. कोणी खरा बाजार भरवून बघितलाच नाही का?

वाशीला हापूसचा व्यवहार मी लहानपणी मामांबरोबर जाऊन बघितलाय. रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून भाव. शेजारच्याला पत्ता नाही कितीला गेली पेटी. मामा घरी येईपर्यंत चडफडत असायचे, की त्या अमक्याला आपल्यापेक्षा स्वस्त मिळाली असणार.

निवृत्त_मास्तर · सकाळी ११:४५

पडवळ, लाखातलं बोललात. भरवून बघितला. हार्वर्डला एडवर्ड चेंबरलिननं वर्गातल्या मुलांना चिठ्ठ्या वाटल्या: तू विकणारा, यापेक्षा कमी घेऊ नकोस, तू घेणारा, यापेक्षा जास्त देऊ नकोस. मग मुलांनी वर्गात फिरून आपापसांत, जोडीजोडीनं सौदे करायचे. साधारण तुमचा रुमालच. ४६ वेळा खेळ खेळला, १९४८ मध्ये छापला. बहुतेक वेळा आकृती सांगते त्यापेक्षा जास्त सौदे झाले, भावही बिंदूवर नाही. चेंबरलिन खूश, कारण त्याला तेच दाखवायचं होतं.

त्या वर्गात व्हर्नन स्मिथ नावाचा विद्यार्थी बसलेला होता. पुढे पर्ड्यू विद्यापीठात शिकवायला लागल्यावर एका रात्री झोप येईना, तेव्हा त्याला सुचलं: रुमाल काढून टाकला तर? बोली सगळ्यांसमोर ओरडून, घेणाऱ्याचीही आणि विकणाऱ्याचीही, शेअरबाजारासारखी. आणि त्याच चिठ्ठ्या घेऊन तोच खेळ तीन-चार वेळा. जानेवारी १९५६ मध्ये खेळवला. भाव दोन-तीन फेऱ्यांत आकृतीच्या बिंदूजवळ येऊन बसला. कोणालाही रेषा माहीत नव्हत्या, लिलावदार नव्हता, आणि मधले चुकीचे सौदे बिनदिक्कत होत होते! त्याचा स्वतःचा विश्वास बसेना. लेख आला १९६२ मध्ये, नोबेल २००२ मध्ये.

झेनो७ · दुपारी १२:३०

याचं पुढचं टोक म्हणजे १९९३. धनंजय गोडे आणि श्याम सुंदर यांनी माणसांच्या जागी संगणकातले ‘निर्बुद्ध’ खेळाडू बसवले. वाट्टेल ती बोली लावायची, फक्त तोट्यात जायचं नाही. तरीही सौद्यांतून मिळू शकणारा जवळजवळ सगळा फायदा पदरात पडला. म्हणजे शहाणपण माणसात नाही, लिलावाच्या नियमात.

खवचट_खार · दुपारी १२:३२

निर्बुद्ध खेळाडू पुरतात हे ऐकून माझा शेअरबाजारावरचा विश्वास वाढला.

मुक्तछंदी · दुपारी १२:४०

बघा! बाजार चालतो.

झेनो७ · दुपारी १:०५

थांबा. स्मिथनंच दोन सहकाऱ्यांबरोबर १९८८ मध्ये दुसरा खेळ छापला. घेऊन लगेच खाण्याची वस्तू नाही, तर पुन्हा विकता येणारी, लाभांश देणारी. लाभांश सरासरीनं किती मिळणार हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं. तरी भाव फुगला आणि फुटला. मासळीच्या लिलावात जो नियम चालतो तो फ्लॅटच्या बाजारात चालेलच असं नाही. (चिंचगुळी, सॉरी.)

गूळपोळी · पुढचा रविवार, रात्री ८:४५

आठवडाभर फिरकलो नाही, कारण मास्तरांचा प्रतिसाद वाचून उद्योग केला. काल सोसायटीच्या हॉलमध्ये पुतणी आणि तिच्या अकरा मैत्रिणी-मित्र जमवले. सहा घेणारे, सहा विकणारे. चिठ्ठ्या मीच लिहिल्या, समतोल ४० रुपयांवर येईल अशा. आधी रुमाल पद्धत, कानात कुजबुजून. सौदे २८ पासून ५५ पर्यंत, आणि एक मुलगा रुसून बसला. मग ओरडून, तीन फेऱ्या. पहिली फेरी म्हणजे गोंधळ, खालच्या मजल्यावरचे जोशीकाका तक्रार घेऊन वर आले. तिसऱ्या फेरीत पाचपैकी चार सौदे ३९ ते ४१ मध्ये.

फलक बघून पुतणी म्हणाली, "म्हणजे कोणी नेलं नाही, आणि तरी आला. पण आत्याच्या दुधासारखं केलं असतं तर आला नसता. आणि रुमाल ठेवला असता तरी नसता. मग पुस्तकात ‘भाव समतोलाला येतो’ असं सरळ का लिहिलंय?"

मी गप्प. मास्तर, बोर्डाच्या पेपरात तिनं काय लिहायचं?

निवृत्त_मास्तर · रात्री ९:१५

आकृती पेन्सिलनं, रेषा पट्टीनं, बिंदूला नाव. चार गुण. बाकीचं मला पत्रानं लिहून पाठवायला सांगा, मी तपासतो.

कोलंबीराव · रात्री ९:४०

आणि माझ्या पापलेटचं काय ठरलं? पहिला ढीग की चौथा?

निवृत्त_मास्तर · रात्री ९:५२

थॉर्न्टन म्हणेल दोन्ही, मार्शल म्हणेल महिनाभराची सरासरी काढा. मी म्हणतो, चौथ्या ढिगाच्या वेळेला या.